आरटी कर्नलवर मॉड्यूल लोड होत नाही? कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

सुट्टीच्या आधी मशीन व्यवस्थित बंद केलेलं असतं. सोमवारी सुरू केलं की इथरकॅट (पीसी आणि ड्राइव्ह जोडणारं औद्योगिक नेटवर्क) उठत नाही, ड्राइव्हवर लाल दिवा, आणि ऑपरेटर म्हणतो, "साहेब, कुणी हात लावला नाही." तो खरंच बोलत असतो. हात लावलेला असतो अपडेटने.

भोसरी, शिरोली, सातपूर अशा औद्योगिक भागांत जुन्या सीएनसी मशीनना नवा कंट्रोल बसवण्याचं काम करणाऱ्यांना हा बिघाड वारंवार भेटतो. मांडणी बहुधा ठरलेली असते: औद्योगिक पीसी, त्यावर डेबियन, प्रीएम्प्ट-आरटी कर्नल (ठरल्या वेळेत प्रतिसाद देणारा लिनक्सचा गाभा, पुढे नुसतं आरटी), वर लिनक्ससीएनसी किंवा स्वतःचा कंट्रोल प्रोग्रॅम, आणि बाहेरून कंपाइल केलेला इथरकॅट मास्टर, म्हणजे कर्नलला जोडलं जाणारं मॉड्यूल. पुढचं सगळं या मांडणीला धरून आहे. तुमचं मॉड्यूल एखाद्या आयओ कार्डाचं किंवा एन्कोडर कार्डाचं असलं तरी क्रम हाच. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्या.

लक्षणं

यातलं एक किंवा जास्त दिसेल:

- इन्समॉड किंवा मॉडप्रोब (मॉड्यूल लोड करणाऱ्या कमांड) दिलं की "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट".
- मॉडप्रोब म्हणतं "मॉड्यूल नॉट फाउंड इन डिरेक्टरी", आणि फाइल तर तुम्हाला डोळ्यांनी दिसते आहे.
- "अननोन सिम्बॉल इन मॉड्यूल".
- "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस", किंवा रूट असूनही "ऑपरेशन नॉट परमिटेड".
- नव्याने कंपाइल करायला गेलात तर सुरुवातीलाच बिल्ड फोल्डर सापडत नाही म्हणून मेक (बांधणीची कमांड) थांबतं.
- मॉड्यूल लोड होतं, पण डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "बग: स्केड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक" येतं, किंवा लिनक्ससीएनसी "अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले" अशी तक्रार करतं.

चौथं (त्याचं कारण पाचव्या मुद्द्यात) सोडलं तर पहिल्या पाचांतली बाकीची लक्षणं वेगवेगळी दिसली तरी बहुतेक वेळा मूळ एकच असतं: मॉड्यूल ठीक आहे, तुम्ही वेगळ्याच कर्नलमध्ये उभे आहात. सहावं लक्षण मात्र खरोखर वेगळ्या जातीचं आहे. त्याकडे शेवटी येऊ.

हात लावण्याआधी

ड्राइव्हची मेन पॉवर पाडा, कंट्रोलचे २४ व्होल्ट राहू द्या. मॉड्यूल काढलं की फील्डबसवरचा संवाद तुटतो, ड्राइव्ह वॉचडॉगवर (संवाद थांबल्याचं ओळखणाऱ्या टायमरवर) ट्रिप होतो आणि उभा अक्ष फक्त ब्रेकच्या भरवशावर राहतो. जुन्या मशीनचा ब्रेक किती झिजलाय ते सांगता येत नाही. झेड अक्षाखाली, हेडला टेकेल असा लाकडी ठोकळा ठेवा. तो ठेवल्याशिवाय एकही कमांड देऊ नका.

१. कोणत्या कर्नलमध्ये आहात?

फुकटची तपासणी आहे आणि बहुतेक वेळा इथेच उलगडा होतो. "युनेम -आर" द्या, मग "युनेम -व्ही". पहिल्यात आवृत्ती दिसते, उदाहरणार्थ ६.१.०-२१-आरटी-एएमडी६४. दुसऱ्यात "प्रीएम्प्ट_आरटी" हे शब्द दिसायला हवेत. नुसतं "प्रीएम्प्ट_डायनॅमिक" दिसलं तर तुम्ही साध्या कर्नलमध्ये आहात. तिथे आरटीसाठी बांधलेलं मॉड्यूल लोड होणार नाही, आणि ते होऊही नये.

नावातलं "आरटी" पाहून निर्धास्त होऊ नका. नाव कर्नल बांधणाऱ्याने दिलेलं असतं, गुण कॉन्फिगरेशनमधून येतो. खात्री करायची तर बूट फोल्डरमधल्या त्या आवृत्तीच्या कॉन्फिग फाइलीत "कॉन्फिग_प्रीएम्प्ट_आरटी" पुढे "वाय" आहे का ते पाहा. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रीएम्प्ट-आरटी मूळ कर्नलमध्ये सामील झालं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून एक्स८६, आर्म६४ आणि रिस्क-व्हीसाठी वेगळा पॅच न लावता तो पर्याय निवडता येतो. म्हणजे पर्याय उपलब्ध आहे. तो चालू केलेला असेलच असं नाही. "आमचा कर्नल ६.१२ चा आहे म्हणजे आरटीच आहे" हे वाक्य हल्ली बरंच ऐकू येतं. ते चूक आहे.

साध्या कर्नलमध्ये कसे पोचलात? डेबियनमध्ये साधा आणि आरटी असे दोन्ही कर्नल इन्स्टॉल असले तर अपडेटनंतर ग्रबच्या (बूटच्या वेळी कर्नल निवडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीचा क्रम बदलतो आणि आपोआप बूट होणारी पहिली नोंद भलतीच निघते. ग्रबच्या "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स"मधून आरटीची नोंद निवडून बूट करा आणि मॉड्यूल लोड होतं का ते पाहा. झालं, तर बिघाड सापडला. आता ग्रबची डीफॉल्ट नोंद नावानिशी पक्की करा, क्रमांकाने नको. क्रमांक पुढच्या अपडेटला पुन्हा सरकेल. उत्पादनावर असलेल्या मशीनवर मी साध्या कर्नलचं मेटापॅकेज (दर अपडेटला नवी आवृत्ती ओढून आणणारं पॅकेज) काढून टाकतो आणि आरटीच्या पॅकेजला "ॲप्ट-मार्क होल्ड" लावतो. मात्र मागचा एक चालू आरटी कर्नल कायम ठेवतो. अडचणीच्या दिवशी तोच कामाला येतो.

होल्डमुळे सुरक्षेचे अपडेट थांबतात हे खरं. पण मशीनचा पीसी थेट इंटरनेटवर असायलाच नको, आणि अपडेट कधी करायचं ते मालकाने ठरवावं, रात्री आपोआप चालणाऱ्या कामाने नव्हे.

२. डीमेसेज पूर्ण वाचा

इन्समॉड जे छापतं तो फक्त एरर नंबरचा ढोबळ अर्थ असतो. "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट" या एकाच वाक्यामागे चार-पाच कारणं असू शकतात. खरं कारण कर्नल स्वतःच्या लॉगमध्ये लिहितो. मॉड्यूल लोड करायचा प्रयत्न करा आणि लगेच "सुडो डीमेसेज" देऊन शेवटच्या वीसेक ओळी पाहा.

"व्हर्जन मॅजिक अमुक, शुड बी तमुक" असं असेल तर चौथ्या मुद्द्याकडे जा. "डिसॲग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल मॉड्यूल_लेआउट" असेल तरी तिकडेच. "अननोन सिम्बॉल" आणि पुढे नाव असेल तर ते नाव लिहून घ्या, पुढच्याच तपासणीत लागेल. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर "चालत नाही" असं पाठवणाऱ्यांना विनंती: फोटोत या ओळी येऊ द्या.

३. फाइल जागेवर आहे का, आणि सोबतची मॉड्यूल्स?

मॉडप्रोब अख्खी डिस्क शोधत बसत नाही. ते चालू कर्नलच्या नावाच्या फोल्डरमध्ये, लिबमधल्या मॉड्यूल्सखाली, आणि तिथल्या अवलंबनाच्या यादीत पाहतं. फाइल हाताने कॉपी केली आणि यादी ताजी केली नाही, तर समोर असलेलं मॉड्यूलही त्याला "सापडत नाही". "सुडो डेपमॉड -ए" द्या आणि पुन्हा मॉडप्रोब करा.

"अननोन सिम्बॉल"चं सगळ्यात साधं कारण म्हणजे इन्समॉडचा वापर. इन्समॉड दिलेली एकच फाइल लोड करतं, तिला लागणारी दुसरी मॉड्यूल्स आणत नाही. इथरकॅटमध्ये ईसी_मास्टर आधी लोड झाला नसेल तर ईसी_जेनेरिक "ईसीडेव्ह"ने सुरू होणारी नावं सापडत नाहीत म्हणून अडतं. मॉडप्रोब हा क्रम स्वतः सांभाळतं, म्हणून रोजच्या स्क्रिप्टमध्ये तेच वापरा. क्रम बरोबर असूनही तेच नाव अडत असेल तर "मॉडइन्फो"मध्ये (मॉड्यूलची माहिती दाखवणारी कमांड) परवान्याची ओळ बघा. कर्नलमधली काही फंक्शन्स फक्त जीपीएल (मुक्त परवान्याच्या) मॉड्यूल्ससाठी खुली असतात आणि बंदिस्त परवान्याच्या ड्रायव्हरला ती दिसतच नाहीत.

४. व्हर्मॅजिक आणि हेडर्स

इथे जरा थांबू. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर जातो आणि सगळ्यात घातक उपायही लोक इथेच करतात.

प्रत्येक मॉड्यूलवर एक शिक्का असतो, व्हर्मॅजिक. "मॉडइन्फो -एफ व्हर्मॅजिक" आणि पुढे फाइलचं नाव द्या. समजा हे आलं:

६.१.०-१८-आरटी-एएमडी६४ एसएमपी प्रीएम्प्ट_आरटी मॉड_अनलोड मॉडव्हर्जन्स

आणि "युनेम -आर" सांगतं ६.१.०-२१-आरटी-एएमडी६४. अठरा आणि एकवीस. कर्नल पुढे गेला, मॉड्यूल मागे राहिलं. दुसरा प्रकार असा की आकडे जुळतात, पण मॉड्यूलच्या शिक्क्यात "प्रीएम्प्ट_आरटी"ऐवजी नुसतं "प्रीएम्प्ट" असतं. म्हणजे ते साध्या कर्नलच्या हेडर्सवर (मॉड्यूल कंपाइल करायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींवर) बांधलेलं आहे.

इथे "मॉडप्रोब --फोर्स" वापरायचा सल्ला जागोजागी मिळतो. तो घेऊ नका. आरटी आणि साध्या कर्नलमध्ये फरक फक्त शेड्युलरचा नाही. आरटीमध्ये स्पिनलॉकची (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणाऱ्या कुलपाची) रचनाच बदलते, आत आरटी-म्युटेक्स येतं, त्याचा आकार वेगळा. स्पिनलॉक ज्या स्ट्रक्चरमध्ये बसलेलं असतं त्यातली पुढची सगळी फील्ड्स सरकतात. साध्या हेडर्सवर बांधलेलं मॉड्यूल जबरदस्तीने लोड केलंत तर ते जिथे लांबी लिहायची तिथे पॉइंटर लिहील. मशीन लगेच हँग झालं तर नशीब समजा. न होता दोन तास चाललं, तर त्या दोन तासांत कंट्रोलच्या मेमरीत काय गेलं हे कुणीच सांगू शकत नाही. आधी कुणी हा प्रयोग केलाय का ते "प्रॉक-सिस-कर्नल"मधल्या टेंटेड फाइलीतून कळतं. बाहेरच्या मॉड्यूलमुळे ४०९६ आणि सही नसल्यामुळे ८१९२ दिसणं यात घाबरण्यासारखं काही नाही. तिथला आकडा अशा खुणांची बेरीज असतो, आणि त्या बेरजेत २ असेल तर मॉड्यूल जबरदस्तीने लोड केलेलं आहे. रीबूट करा, मगच पुढचं काही तपासा.

खरा उपाय म्हणजे चालू कर्नलच्या हेडर्सवर मॉड्यूल पुन्हा बांधणं. आधी नेमके हेडर्स बसवा: लिनक्स-हेडर्स आणि पुढे "युनेम -आर"ने दिलेलं पूर्ण नाव. मॉड्यूल्सच्या फोल्डरमधली "बिल्ड" ही लिंक तुटकी असेल तर हेडर्स नाहीत. इंटरनेट नसलेल्या मशीनवर ही पॅकेजेस आधीच पेनड्राइव्हवर ठेवलेली बरी, कारण जुन्या आवृत्तीचे हेडर्स काही काळाने मुख्य रिपॉझिटरीतून काढले जातात.

डीकेएमएस (कर्नल बदलला की मॉड्यूल आपोआप पुन्हा बांधणारं साधन) वापरत असाल तर "डीकेएमएस स्टेटस" द्या. चालू कर्नलपुढे "इन्स्टॉल्ड" हवं. नुसतं "ॲडेड" असेल तर बांधणी झालीच नाही. याचं नेहमीचं कारण: आरटी कर्नलचं मेटापॅकेज बसवलं, हेडर्सचं बसवलं नाही. कर्नल अपडेटबरोबर येतो, हेडर्स येत नाहीत, डीकेएमएस एक ओळ छापून ती आवृत्ती सोडून देतं आणि ती ओळ कुणी वाचत नाही. लिनक्स-हेडर्स-आरटी-एएमडी६४ हे मेटापॅकेज एकदा बसवलं की हा प्रश्न मिटतो.

याहून फसवा प्रकार मेकफाइलमध्ये असतो. मेकफाइल लिहिणाऱ्याने कर्नलची आवृत्ती "युनेम -आर"मधून घेतलेली असते. अपडेटच्या वेळी चालू असतो जुना कर्नल आणि डीकेएमएस बांधत असतं नव्यासाठी. मेकफाइल जुन्याच्या हेडर्सवर बांधते, तयार फाइल नव्याच्या फोल्डरमध्ये जाऊन बसते. स्टेटस "इन्स्टॉल्ड" सांगतं, फाइल जागेवर असते, आणि रीबूटनंतर "इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट". रीबूटनंतर पुन्हा बांधलं की चालतं, पुढच्या अपडेटला पुन्हा बंद. "दर दोन-तीन महिन्यांनी होतं" ही तक्रार आली की मी सगळ्यात आधी मेकफाइल उघडतो. आवृत्ती डीकेएमएसकडून येणाऱ्या "कर्नलव्हर" या व्हेरिएबलमधून घ्या, रोग मुळातून जातो.

इथरकॅट मास्टर स्रोतातून बांधताना कॉन्फिगरला लिनक्स-डिर म्हणून नेमका कर्नल दाखवा. नेटवर्क कार्डाचे खास ड्रायव्हर, म्हणजे आयजीबी, ई१०००ई वगैरेचे इथरकॅट अवतार, कर्नलच्या ठराविक आवृत्त्यांसाठीच लिहिलेले असतात. तुमच्या आवृत्तीसाठी तो नसेल तर कॉन्फिगर तिथेच थांबतं. तेव्हा जेनेरिक ड्रायव्हरवर काम भागवा. तो नेहमीच्या नेटवर्क स्टॅकमधून जातो, त्यामुळे जिटर (वेळेतली थरथर) थोडा वाढतो, पण एक मिलिसेकंदाच्या सायकलला बहुतेकदा पुरतो.

५. सिक्युअर बूट

"की वॉज रिजेक्टेड" आलं तर "मोकयुटिल --एसबी-स्टेट" द्या. "एनेबल्ड" आलं तर कर्नलला सही केलेलंच मॉड्यूल चालतं. दोन मार्ग आहेत: बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करणं, किंवा स्वतःची की मोकमध्ये (मशीनच्या मालकाच्या कींच्या यादीत) नोंदवून मॉड्यूलवर सही करणं. डेबियन १२ मधलं डीकेएमएस सही स्वतः करतं, त्याची मोक.पब ही फाइल एकदा नोंदवावी लागते. नोंदणीचा निळा पडदा रीबूटच्या वेळी काही सेकंदच दिसतो, म्हणून कीबोर्ड जोडून समोर बसा. दुरून एसएसएचवर हे होत नाही. पीसी कंपनीच्या आयटी विभागाचा असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्यांना विचारा.

६. नेटवर्क कार्ड कुणाच्या ताब्यात आहे?

मॉड्यूल लोड होतं, पण "इथरकॅट स्लेव्ह्ज" दिलं की यादी रिकामी. केबल तपासून झाली असेल तर इथरकॅटच्या कॉन्फ फाइलीतला मॅक ॲड्रेस आणि कार्डाचा खरा मॅक पडताळा. मदरबोर्ड बदलल्यावर ही ओळ हमखास विसरली जाते. खास ड्रायव्हर वापरत असाल तर मूळ आयजीबीने कार्ड आधीच धरलेलं असू शकतं. त्याला ब्लॅकलिस्ट केलं तरी तो इनिटरॅमएफएसमधून (बूटच्या सुरुवातीला वापरल्या जाणाऱ्या छोट्या फाइलसिस्टममधून) लोड होत राहतो, म्हणून ब्लॅकलिस्टनंतर "अपडेट-इनिटरॅमएफएस" चालवायला हवं. "मॉड्यूल इज इन यूज" आलं तर "एलएसमॉड"मध्ये कोण वापरतंय ते पाहून ते आधी बंद करा. आरएमएमॉडला "-एफ" लावू नका.

७. लोड होतं, पण रिअलटाइम बिघडतं

आता ते सहावं लक्षण. आरटी कर्नलमध्ये साधा स्पिनलॉक घेताना टास्क झोपू शकतो. खऱ्या अर्थाने फिरत राहणारा लॉक फक्त रॉ-स्पिनलॉक. बहुतेक इंटरप्ट हँडलरही थ्रेडमध्ये चालतात. साध्या कर्नलसाठी लिहिलेला ड्रायव्हर आधी इंटरप्ट बंद करतो आणि मग स्पिनलॉक घेतो. साध्या कर्नलवर हे चालतं. आरटीवर तो झोपू नये अशा जागी झोपायला जातो आणि "स्केड्युलिंग व्हाइल ॲटॉमिक" किंवा "स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट" येतं. हा दोष इन्स्टॉलेशनचा नाही, ड्रायव्हरच्या कोडचा आहे. तो कितीही वेळा नव्याने बांधला तरी जाणार नाही.

सगळे स्पिनलॉक शोधून त्यांचे रॉ-स्पिनलॉक करायचे, हा झटपट उपाय सुचवणारे भेटतील. एरर संदेश येणं थांबतं, पण त्या लॉकखाली ड्रायव्हर जितका वेळ काम करेल तितका वेळ सगळा रिअलटाइम खोळंबतो. शिवाय रॉ-स्पिनलॉक धरलेला असताना आरटीवर साधं केमॅलॉकही (कर्नलकडे मेमरी मागणं) चालत नाही, मग त्याला ॲटॉमिक फ्लॅग दिलेला असला तरी.

लॉग स्वच्छ आहे आणि नुसता उशीर होतोय, अशा वेळी मोजमाप करा. आरटी-टेस्ट्स पॅकेजमधलं सायक्लिकटेस्ट (उशीर मोजणारा प्रोग्रॅम) मॉड्यूलशिवाय तासभर चालवा, मग मॉड्यूल लोड करून तासभर. दोन्ही वेळा डिस्कवर आणि स्क्रीनवर सारखाच भार ठेवा. सरासरीकडे पाहू नका, कमाल आकडा पाहा. मॉड्यूलसह कमाल उडी मारत असेल तर दोष त्याचा. दोन्हीकडे सारखाच वाईट असेल तर बायोसचे सी-स्टेट (प्रोसेसरच्या वीज वाचवणाऱ्या झोपेच्या अवस्था) बंद करून पाहा आणि एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट (हार्डवेअरमुळे होणारा उशीर शोधणारं साधन) चालवा. मदरबोर्डच्या फर्मवेअरचे एसएमआय इंटरप्ट कर्नलच्या पाठीमागे वेळ खातात, त्यावर मॉड्यूल बदलून काही होत नाही. ग्राफिक्स कार्डाचा बंदिस्त ड्रायव्हर बसवलेला असेल तर तो काढून पुन्हा मोजा. मशीनच्या पॅनेलला मदरबोर्डवरचं ग्राफिक्स पुरेसं असतं.

कुठे थांबायचं

चौथी पायरी नीट करूनही "मॉड्यूल_लेआउट" जुळत नसेल, तर कर्नल कुणीतरी स्वतः बांधलेला आहे आणि त्याची कॉन्फिग फाइल व मॉड्यूल.सिमव्हर्स त्या माणसाकडेच आहे. त्याला गाठा. डीमेसेजमध्ये "ऊप्स" (कर्नलच्या आतली गंभीर चूक) किंवा वरचे "बग" संदेश तुमच्या मॉड्यूलच्या नावानिशी येत असतील तर ड्रायव्हर देणाऱ्याला किंवा कर्नलचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. कोड वाचता येत असला तरी चालू मशीनवर लॉकिंग दुरुस्त करायला बसू नका. आणि इमर्जन्सी स्टॉपची साखळी हार्डवायर्ड नसून या मॉड्यूलवरून जाते असं आढळलं, तर मॉड्यूल चालू झालं तरी मशीन चालू करू नका. ते काम मशीनच्या इलेक्ट्रिकल माणसाचं आहे, आणि ते आधी व्हायला हवं.

बोलवलेल्या माणसाला चार गोष्टी फाइलीत भरून पाठवा: "युनेम -ए"चा निकाल, मॉड्यूलचा पूर्ण मॉडइन्फो, बूटपासूनचा डीमेसेज, आणि डीकेएमएसची मेक.लॉग. शेवटचं अपडेट कधी झालं ते ॲप्टच्या हिस्ट्री लॉगमध्ये तारखेनिशी असतं, तीही ओळ जोडा.